सुधीर गावसच्या एडिटरमधले रंग

कारापूरचा सुधीर गावस पर्वरीच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत प्रोग्रामर होता, आणि ज्यात तो प्रोग्राम लिहायचा तो एडिटर त्याच्या लग्नाच्याही आधीचा होता. सगळं ऑफिस नव्या, झगमगीत एडिटरकडे गेलं. हा आपला काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं घेऊन बसलेला. "माऊस लागतो तो एडिटर कसला?" असं चारचौघांत म्हणायचा.

पंचाईत झाली ती टेस्टपायी. टेस्ट चालवल्या की प्रोग्रामच्या कुठल्या ओळी तपासल्या गेल्या नि कुठल्या राहिल्या, याची एक फाइल तयार व्हायची. नव्या एडिटरमध्ये ती आपोआप खुणांनी दिसे: तपासलेल्या ओळी हिरव्या, राहिलेल्या लाल. सुधीरच्या एडिटरला मात्र त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं.

टीम लीड अर्चना वयाने लहान. गोड आवाजात म्हणाली, "सुधीरदा, आता तरी बदला."

बदलतो कसला! चवथीची रजा पडली तसा तो लॅपटॉप घेऊन बसला. त्या फाइलमधली माहिती आपल्या एडिटरला उमजेल अशा रूपात आणणारा कन्व्हर्टर लिहायचाच, असं त्याने मनावर घेतलं. बायको राणी गणपतीच्या डोक्यावर टांगलेल्या माटोळीला फळं बांधायला हाका मारून दमली.

"अहो, गणपती दारात आला, तुमचं किते चाललंय?"

"रंग भरतोय."

"मग मखराला भरा की!"

पहिल्यांदा खुणा उमटल्या त्या सगळ्या एक ओळ खाली. आपला एडिटर सोडून त्याने सगळ्यांना नावं ठेवली. मग चूक स्वतःच्याच मोजणीत सापडली. ती दुरुस्त करून त्याने ऐटीत आपला लाडका प्रोग्राम उघडला. याच्यावरच तो नव्या पोरांना व्याख्यानं द्यायचा.

वरपासून खालपर्यंत लाल.

कन्व्हर्टर बिघडला असणार, म्हणून पुन्हा तपासला. कन्व्हर्टर ठीक होता. त्या प्रोग्रामला एकही टेस्ट नव्हती.

राणी डोकावली. "बरं दिसतंय हो. कुंकू सांडल्यासारखं."

सुधीरला आधी राग आला, मग हसूच फुटलं. लॅपटॉप मिटून तो मुकाट्याने फळं बांधायला माटोळीखाली जाऊन उभा राहिला.

रजा संपल्यावर त्याने अर्चनाला आपण होऊन सगळं सांगितलं आणि खाली मान घालून टेस्ट लिहायला घेतल्या. कन्व्हर्टर मात्र थाटात सगळ्या ऑफिससाठी खुला केला. तो वापरणारा अजून सुधीर एकटाच आहे. कितीजण वापरतात म्हणून कुणी विचारलंच, तर सुधीर सांगतो, "जेवढे शहाणे आहेत, तेवढे."