परत पाठवलेल्या लुगड्यामागे इंदापूरपर्यंत

मनीऑर्डर आली ती अशी: रक्कम पाचशे रुपये, पाठवणारीनं वर कमिशन भरलं पंचवीस रुपये, आणि संदेश लिहायच्या जागेत एकही अक्षर नाही. घेणारी आमच्या शेजारच्या बंगल्यातली मारीके, मूळची हॉलंडची. तिचा नवरा इथे बारामतीत, एमआयडीसीतल्या दुधाच्या कारखान्यात यंत्रं बसवायला आलेला. पाठवणारी शांताबाई, निमगाव केतकीजवळ वस्तीवर राहणारी. बाजारच्या दिवशी माळव्याची पाटी घेऊन बारामतीला यायची आणि बाजार उरकला की उरलेली भाजी आमच्या कॉलनीत विकायची.

पोस्टमन गेल्यावर मारीके ती पावती घेऊन माझ्या स्वयंपाकघरात आली आणि म्हणाली, "ताई, शांतानं पैसे का धाडलं? मला काय कळंना."

तिचं मराठी हे असं. ते तिला शांताबाईनंच शिकवलं होतं. पहिल्या दिवशी मारीकेनं सांगितला तो भाव निमूट दिला, तेव्हा शांताबाई पाटीवरून उठून तिच्यावर खेकसली होती, "अगं बाई, भाव कर की. मी दोन म्हटलं तर तू दीड म्हणायचं. मंग मी रागावल्यावानी करायचं. असं असतंय." तेव्हापासून दोघी दर आठवड्याला पायरीवर बसून मेथीच्या जुडीवरून भांडायच्या आणि मग चहा प्यायच्या. शांताबाई तिला मारीबाई म्हणे. कॉलनीतल्या बायका हसायच्या की गोरी बाई असून न्हाय-व्हय करते. मारीकेला त्याचं काही वाटायचं नाही. दोन वर्षांत तिला बोलायला माणूस मिळालं ते शांताबाई. त्यानंतर थोडीफार मी.

वैशाखात शांताबाईच्या मुलीचं, संगीताचं, लग्न झालं. मारीके कारखान्याच्या जीपनं गेली, खूश होऊन आली. त्यानंतर शांताबाई कॉलनीत आली नाही. विचारलं की बाजारातल्या बायका म्हणायच्या, लांब पडतं तिला. मलाही ते खरं वाटलं होतं.

त्या दिवशी मी मारीकेला खोदून विचारलं, लग्नात काय काय झालं. तिनं सांगितलं ते ऐकून मी गॅस बंद केला. लग्नात शांताबाईनं तिला हिरवं इरकल नेसवलं होतं, खण, नारळ, तांदूळ घालून ओटी भरली होती. बहिणीचा मान दिला होता. दुसऱ्या दिवशी मारीकेनं ते लुगडं घडी करून ड्रायव्हरबरोबर परत पाठवलं, वर पाचशेची नोट ठेवून. लग्नात केवढा खर्च झाला असेल, आपल्यापेक्षा तिलाच गरज, या विचारानं.

"नारळ?" मी विचारलं.

"नारळ खाल्ला," ती म्हणाली. "आमच्याकडं ज्याच्याजवळ थोडं हाय, त्याच्याकडनं भारी वस्तू घेत न्हाईत. चांगलं दिसत न्हाय."

मी तिला समजावलं की भरलेली ओटी आणि दिलेला आहेर परत करणं म्हणजे नातं परत करणं. तू तिची बहीण झालीस आणि दुसऱ्या दिवशी ड्रायव्हरकरवी कळवलंस की मी तुझी कोणी नाही, वर हे पैसे घे. मारीके खुर्चीवर बसली. पौष संपता संपता ती दोघं कायमची हॉलंडला परतणार होती. जायच्या आधी शांताबाईनं एकदा आपल्याला घरात घ्यावं, एवढंच तिला हवं होतं. घेईल की नाही, हे मला सांगता येईना.

मार्गशीर्षातला गुरुवार होता, माझा उपास. शुक्रवारी जायचं ठरलं. माफी मागायची ती आपल्या रीतीनं मागावी, म्हणून मी सगळं सामान जमवलं: खण, नारळ, घरचे तांदूळ, हळकुंड, सुपारी, कुंकवाचा करंडा. जीप नको म्हटलं. जीपनं गेलं की माणूस साहेबासारखं उतरतं.

बारामतीहून इंदापूरला जायचं तर सकाळची एसटी बरी, ऊन लागत नाही. तिकीट माणशी चौदा रुपये. उसाचा हंगाम सुरू झाला की गाड्या, ट्रॅक्टर रस्ताभर असतात, त्यामुळं वेळेचा हिशोब धरू नये. भवानीनगरच्या अलीकडे आमच्यापुढं बैलगाड्यांची रांग लागली होती. हवेत मळीचा वास. मी माळ काढून जप सुरू केला. मागच्या बाकावरची म्हातारी मारीकेला निरखत होती.

"ही बाई कुठली म्हणायची?" तिनं मला विचारलं.

मी बोलायच्या आत मारीकेच म्हणाली, "हॉलंडची हाय मी, आजी."

म्हातारीनं नवऱ्याला कोपरखळी मारली. "बघा. आपली सून पुण्यात दोन वर्षं राहिली तर आपल्यासंगं बी पुस्तकी बोलती. आन ही बघा."

"मग हिलाच सून करू," म्हातारा म्हणाला.

"वय झालं माझं," मारीके म्हणाली, आणि सगळा मागचा भाग हसला. लासुर्णे, अंथुर्णे येईपर्यंत तिला कुणी भुईमुगाच्या शेंगा दिल्या, कुणी पेरू. तिनं एकालाही नको म्हटलं नाही. दर वेळी माझ्याकडं बघून मग घ्यायची.

निमगावच्या फाट्यावर ही गाडी थांबत नाही, हे कंडक्टरनं तिकीट फाडून झाल्यावर सांगितलं. इंदापूरपर्यंत जाऊन वडापनं, म्हणजे माणसं भरून नेणाऱ्या जीपनं, मागं यावं लागलं. तुम्ही जाल तर आधी विचारून घ्या. येताजाता भुर्दंड पडतो. इंदापूरच्या स्टँडबाहेर चहा घेतला, तो मात्र चांगला, दीड रुपयात पेला भरून. तिथंच बाजारात मारीके एका कासाराच्या दुकानापुढं थांबली. शांताबाईच्या हाताचं माप तिला माहीत होतं. भाजी मोजताना त्या मनगटाकडं ती दोन वर्षं बघत आली होती. हिरव्या काचेच्या डझनभर बांगड्या घेतल्या. कासारानं पंधरा सांगितले, तिनं बारा म्हटलं, तो रागावल्यासारखा झाला, तेरावर तुटलं.

वडापमध्ये पुढच्या सीटवर आम्ही दोघी आणि आणखी दोघं. ड्रायव्हरला शांताबाईची वस्ती विचारली.

"माळवंवाली शांताबाई? पाटाच्या कडंकडंनं जावा, पानमळा लागंल, त्याच्या फुडं." उतरताना त्याची नजर माझ्या पिशवीतून वर आलेल्या नारळाच्या शेंडीवर गेली. तो काहीतरी बोलणार असं वाटलं, पण त्यानं पैसे घेतले आणि गाडी काढली.

पाटाला पाणी सुटलेलं होतं. कडेनं चालताना दोन्हीकडं ऊस, मध्येच पानमळ्याची गार सावली. मारीके वाटेत एक वाक्य पुन्हा पुन्हा म्हणून बघत होती: शांता, मी चुकले. तिला 'चु' नीट जमत नव्हता.

वस्तीवर दोन खणांचं घर, पुढं शेणानं सारवलेलं अंगण. शांताबाई अंगणात बसून घेवड्याच्या शेंगा निवडत होती. तिनं मान वर केली. मी तिच्या कपाळाकडं बघितलं आणि पाय तिथंच थांबले. कपाळ मोकळं होतं. हातात बांगडी नव्हती.

मी पिशवी पाठीमागं धरली. मारीकेनं आधी मनगटं बघितली, मग माझ्याकडं बघितलं. दोन वर्षं इथं राहिलेल्या बाईला तेवढं कळत होतं. पाठ केलेलं वाक्य तिला आठवेना. ती शांताबाईच्या पुढ्यात, शेंगांच्या ढिगापलीकडं, तशीच जमिनीवर बसली.

शांताबाईचा नवरा धोंडिबा दिवाळीनंतर चौथ्या दिवशी पाणी धरायला गेला आणि बांधावरच गेला. कसलं दुखणं नाही, काही नाही. संगीता बापाचे दिवस झाल्यावर आईपाशी राहिली होती. तिनंच आम्हाला पाणी दिलं आणि हे सांगितलं.

"आम्हाला कळवायचं नाहीस का गं?" मी शांताबाईला म्हटलं.

"कुनाला कळवू ताई?" ती शेंगा निवडत म्हणाली. "लुगडं माघारी धाडलेल्या माणसाला मैताचा सांगावा धाडू?"

तिनं आणखी दोन शेंगा निवडल्या आणि पुढं बोलली. "ते पैसं धन्यानं कोनाड्यात ठेवल्यालं. म्हनायचं, बाई चुकली आसंल, येईल तवा तिचं तिला दिऊ. तुमी आला न्हाईसा, आन तेच गेलं. त्यांच्यामागं दुसऱ्याचं काय घरात नको म्हनून पोस्टात घातलं. मास्तर म्हनला, काय लिहू? म्हटलं, काय सांगू? एवढ्याशा जागंत काय मावतंय?"

मारीकेनं हात पुढं करून तिच्या हातातली शेंग काढून घेतली. "शांता, मी चुकले. मला म्हाईत न्हवतं."

"तुला कुनी सांगितलं न्हाय," शांताबाई म्हणाली. "आन मला वाटलं न्हवतं, असलं सांगावं लागतंय म्हनून."

"लुगडं कुठं हाय?"

"देवीला नेसवलं. माघारी आल्यालं घरात कोन नेसनार?"

मग ती माझ्याकडं वळली. "पिशवीत काय हाय ताई? शेंडी दिसतीया."

"घरी न्यायचा नारळ आहे," मी म्हणाले.

"आज शुक्रवार, वटीचा वार. कशाला खोटं बोलता? काढा भाईर." मी काढेना तेव्हा तिनं आवाज चढवला. "आनल्याली वटी माघारी न्यायची व्हय? एकडाव झालं तेवढं बास. माझी न्हाय तर संगीची भरा."

संगीताला पाटावर बसवलं. शांताबाई उठली आणि दाराआड, धान्याच्या कणगीपाशी जाऊन बसली. मारीके नारळ हातात घेऊन थबकली.

"शांता, हितं ये."

"न्हाय. माझा हात लागूने त्येला. तू भर, मी हितनं बघती."

मारीकेनं माझ्याकडं बघितलं. वाटभर प्रत्येक गोष्टीला ती अशीच बघत आली होती, आणि मी होय किंवा नाही सांगत आले होते. मला लहानपणापासून जे शिकवलंय ते मला पक्कं माहीत आहे. तरी त्या वेळी तोंडातून शब्द निघाला नाही. मारीकेनं अर्धा मिनिट वाट बघितली. मग तिनं पाट उचलला, आत नेला, कणगीपाशी शांताबाईच्या अगदी शेजारी मांडला आणि म्हणाली, "संगीता, हितं बस."

शांताबाई सरकली नाही. पदरात किती ओंजळी तांदूळ घालायचे, नारळाची शेंडी कुठल्या बाजूला करायची, ते तीच सांगत होती. बांगड्या संगीताच्या हातात ढिल्या झाल्या. त्या आईच्या मापाच्या होत्या. पडू नयेत म्हणून ती मूठ वळून बसली.

मग शांताबाईनं संगीताला मारीकेची ओटी भरायला सांगितली. घरात नारळ नव्हता. ओंजळभर गहू, पानमळ्यातली पानं आणि गुळाचा खडा. मारीकेनं ओढणी पसरली.

"ह्ये घरी न्यायाचं," शांताबाई म्हणाली. "ड्रायव्हरसंगं माघारी आलं तर बघ."

"ड्रायव्हर आणलाच न्हाय," मारीके म्हणाली. शांताबाई हसली, आणि हसता हसता तोंडाला पदर लावून रडायला लागली. मी आणि संगीतानं राहिलेला घेवडा निवडला.

गुळाचा चहा आणि पिठलं-भाकरी झाल्यावर निघालो. शांताबाई पाटापर्यंत पोचवायला आली. मारीके आणि संगीता पुढं गेल्या तसा तिनं माझा दंड धरला.

"तिची लेक पोटुशी हाय म्हनं, तिकडं. चैत्रात बाळंत व्हनार. त्यांच्यात काय द्येत्यात वो?"

"तिलाच विचार की."

"तिला नका इचारू. ती म्हनंल, काय नको. मंग मी देनार, आन ती बापडी घिऊन बसनार, तिच्यात चालत नसलं तरी. माझ्याच्यानं तसं नको व्हायला."

बारामतीला पोचेस्तोवर अंधार पडला. गव्हाचं काय करायचं, मारीकेनं विचारलं. ओटीचं धान्य बाहेर द्यायचं नसतं, घरात खायचं असतं, असं मी सांगितलं. तिनं माझ्याकडं ते दळून घेतलं, दोन पोळ्या झाल्या, त्या दोघा नवरा-बायकोंनी खाल्ल्या. या फेरीनंतर माझ्यापाशी काय राहिलं, ते मी अजून देवापुढं बसून बघते आहे. कणगीपाशी पाट नेला तेव्हा मी गप्प राहिले, ते धैर्य होतं की नुसतं न सुचणं, ठरत नाही. पण शांताबाई न सरकता बसून राहिली, ते मला आवडलं. एवढं मला सांगता येतं. ती आता पुन्हा बाजाराला यायला लागली आहे. बाजारच्या दिवशी पायरीवर भांडण ऐकू येतं.

तिच्या प्रश्नाचं उत्तर मात्र माझ्याजवळ नाही. हे मासिक परदेशी राहणाऱ्या मराठी बायकांकडे जातं असं ऐकते. तुमच्यापैकी कुणी हॉलंडात किंवा त्या बाजूला राहत असाल, शेजारपाजारच्या घरी तुमचं जाणं-येणं असेल, तर तिकडं पहिलटकरणीला आईच्या मैत्रिणीनं काय द्यायचं असतं, कोणत्या महिन्यात द्यायचं, आणि काय दिलं म्हणजे ते घेणारीला जड होत नाही, एवढं मला उलट टपाली कळवा. मारीके पौष संपताना निघते, आणि शांताबाईला त्याआधी शिवायचं की विणायचं ते ठरवायचं आहे.