परबकाकांचा डावा हात

मंगळवारी सकाळी परबकाकांचा उजवा हात हलेनासा झाला. महिन्याअखेर व्हिसा रद्द होऊन ते गावी जाणार, असं ठरलं.

दुबईजवळ अजमानच्या एका हॉटेलात ते लॉन्ड्री सांभाळत आणि मी स्टोअर. त्या मंगळवारच्या दहा वर्षं आधी त्यांना एका पाहुण्याच्या कोटाच्या खिशात ब्लूजची, म्हणजे अमेरिकेतल्या काळ्या लोकांच्या दुःखाच्या गाण्यांची, कॅसेट सापडली. परत द्यायला गेले तर पाहुणा म्हणाला, ठेव तुलाच. तेव्हापासून जेवणाच्या सुट्टीत ते लॉबीतल्या पियानोवर बसत. शिकवणारं कोणी नव्हतं. कुडाळकडे भजनात पेटी वाजवलेली, तेवढीच पुंजी. पेटीवर डावा हात भाता मारतो. पियानोवरही तो हात हवेतच पुढेमागे व्हायचा. मी हसलो, तेही हसले.

ब्लूजमध्ये डाव्या हाताला एकसारखं चालत राहावं लागतं. त्याला ती चाल यायला दोन वर्षं लागली. इस्त्रीच्या टेबलावरही बोटं चालत असायची. ते म्हणत, "मास्तर, डावो हात गडी, उजवो मालक. गडी थांबलो की मालकाचा सोंग उघडा पडता." मी सारखा वाचत बसतो म्हणून मी मास्तर.

पुढे मॅनेजरने शुक्रवारची चहाची वेळ त्यांना वाजवायला दिली. हे संगीत फार रडकं वाटतं, असं मी एकदा म्हणालो. इस्त्री बाजूला ठेवून ते म्हणाले, "रडगाणा न्हय ह्या. रडान झाल्यावर तोंड धुतलेल्या माणसाचा गाणा."

जाण्याआधी एकदा वाजवायचं, एवढंच त्यांनी मॅनेजरकडे मागितलं. शेवटच्या शुक्रवारी कोट घालून आले, बाकावर डावीकडे सरकले आणि मला शेजारी बोलावलं. मी म्हणालो, "काका, मला येत नाही."

"तीनच सूर आसत. चुकलंस तरी थांबू नको."

त्यांनी डाव्या हाताने तीन पट्ट्या दाखवल्या आणि सुरुवात केली. मी दुसऱ्याच फेरीत चुकलो. त्यांचा हात थांबला नाही, अडखळलाही नाही. पुढच्या फेरीत त्याने माझ्यासाठी पुन्हा जागा केली, त्यापुढच्याही. अर्धा तास मी चुकत होतो आणि गाणं चालू होतं. इतकं सांभाळून मला त्याआधी कोणी घेतलं नव्हतं.

काका गावी चार वर्षं जगले.

मला ते तीन सूर अजून वाजवता येतात. डावा हात येत नाही.