पडवीतली पाच पावलं

रोज दुपारचे दोन वाजले की मित्सुए होशिना डोक्याला रुमाल बांधून बाहेर पडायची आणि वरच्या आळीपासून खालच्या गरम पाण्याच्या न्हाणीघरापर्यंत गाव तुडवायची. वय सत्त्याहत्तर. चाळीस वर्षं शाळेच्या स्वयंपाकघरात कढया घासल्या, तीनशे पोरांना जेवायला घातलं, आणि जेवण टाकणाऱ्या प्रत्येक पोराला नावानिशी झापलं. ती पोरं आता आजोबा झालीत, तरी तिची हाक आली की हातातलं लपवतात.

या डोंगरगावात माघापर्यंत बर्फ माणसाच्या डोक्यावर जातो. तरी माणसं सपाता घालून बाजाराला जातात, कारण रस्त्याच्या कडेनं प्रत्येक घराला पडवी आहे. जागा घरमालकाची, छप्पर घरमालकाचं, चालणार मात्र सगळा गाव. असा कायदा कुठल्याही सरकारी पुस्तकात नाही. ज्याच्या आजोबानं चार फूट सोडले त्याच्या नातवानंही सोडले, इतकंच.

यंदा मात्र मधोमध भोक पडलं. बंद पडलेलं कागदाचं दुकान किनाऱ्याकडच्या शहरातल्या नेमोतो नावाच्या माणसानं विकत घेतलं आणि पडवीचे खांब कापून तिथं मोटार उभी केली. पाच पावलांची जागा. छपरावरचा सगळा बर्फ आता तिथं कोसळतो आणि दगडासारखा गोठतो. मित्सुए काठी रोवत कशीबशी पार व्हायची. पण तिची शेजारीण फुसा खुब्याच्या ऑपरेशननंतर चाकांची ढकलगाडी धरून चालते. ती त्या भोकाशी एकदा आली, बघितलं आणि परत फिरली. त्याला चोवीस दिवस झाले. डॉक्टरांनी बजावलं होतं, रोज चाला, नाहीतर पाय कायमचे बसतील. आणि ते बसायला लागले होते. काल फुसा चहा ठेवायला उठली ती भिंत धरधरून.

ते बघून मित्सुएच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आज ती न्हायला निघालीच नव्हती, भांडायला निघाली होती.

"तोंडं शिवली होती का तुमची?" तिनं साकेच्या दुकानातल्या बाईला विचारलं. "तुमच्या डोळ्यांसमोर खांब कापले!"

"काय करणार, मित्सुएसान? त्यांचं घर, त्यांची जागा."

"मग तुमचीही जागाच आहे की! मोडा उद्या, आणि गिऱ्हाइकांना विमानानं आणा!"

न्हाव्यानं तिला लांबून पाहिलं आणि दुकानाचा पडदा ओढून घेतला. तिनं काचेवर काठी आपटली. "तोशियो! पालकाची भाजी टाकायचास तेव्हाही असाच लपायचास!"

सगळ्या गावानं मूग गिळले होते. ही सभ्यता नव्हे, हा निव्वळ भित्रेपणा, आणि त्याला सभ्यता म्हणायची इथं फार जुनी खोड आहे. भोकाशी नेमोतो बर्फ उपसत होता, तोही उताराच्या उलट्या बाजूनं. मित्सुएनं त्याच्यावर तोंडाचा पट्टा सोडला. तुझ्या मोटारीला जागा हवी म्हणून एका म्हातारीचे पाय गेले, लाज वाटते का, वगैरे वगैरे. नेमोतो फावडं टेकवून वाकून उभा राहिला.

"आजी, मी विचारलं होतं," तो म्हणाला. "कुवाबारासाननी शरदात सूचनांची पाटी घरोघर फिरवली. कुणाची हरकत असेल तर पडवी ठेवेन, असं मी लिहिलं होतं. सहीच्या जागी सगळ्यांचे शिक्के आले, असं त्यांनी कळवलं. मला वाटलं, किती चांगली माणसं आहेत."

"माझा शिक्का नसणार!"

"मला एकानं जरी नाही म्हटलं असतं ना..." त्यानं पुन्हा फावडं उचललं.

कुवाबारा म्हणजे आळीचा प्रमुख. त्याच्या दारात तिनं बूटही काढले नाहीत. "काढा ती पाटी! कुणाकुणाचं हे काम, ते बघू द्या मला!"

त्यानं पाटीच्या कागदांची फाइल उघडली. एका बाजूला नेमोतोचा टंकलेला अर्ज, खाली घराघराच्या चौकटी आणि लाल शिक्क्यांची रांग. पाटी घरात ठेवून घ्यायची नाही, शिक्का मारायचा आणि पुढच्या दारी द्यायची, ही इथली रीत. कचऱ्याचे दिवस, रक्तदाबाची तपासणी, शाळेची बाग. वाचतो कोण?

नवव्या चौकटीत होशिना. ठसठशीत, सरळ, तिचाच. तेव्हा हिवाळ्यासाठी मुळे खारवायची वेळ होती, कोपरापर्यंत हात मिठात होते, आणि तिनं दारातच उभ्याउभ्या शिक्का उमटवला होता.

आठव्या, फुसाच्या चौकटीत शिक्काच नव्हता. बारीक पेन्सिलीनं लिहिलं होतं: "पडवी गेली तर मला चालता येणार नाही. कृपया विचार व्हावा." शेवटच्या शब्दावर मित्सुएच्या शिक्क्याची लाल कड चढली होती.

"हे वाचलं नाहीत तुम्ही?" तिनं विचारलं. आवाज खाली आला होता.

"शिक्का नाही, म्हणजे घरी नसतील, असं धरलं," कुवाबारा मान खाजवत म्हणाला. "तुम्ही तरी..."

"गप्प बसा," ती म्हणाली, पण त्यात दम नव्हता.

परतताना ती कुणावर ओरडली नाही. फुसा खाली शेगडी असलेल्या बुटक्या मेजाच्या दुलईत पाय घालून बसली होती.

"फुसाचान, ती पाटी. तू लिहिलं होतंस."

"हो."

"मला सांगितलं का नाहीस?"

"सांगायचं काय? मीच आणून दिली होती तुला. दारात उभी होते. तू कागदाकडं बघितलंस आणि माझ्यादेखत शिक्का मारलास."

"वाचलं नाही गं मी. तुझी शपथ, वाचलंच नाही."

फुसानं दुलईवरची सुरकुती तळहातानं सपाट केली.

"मला वाटलं, वाचलंस. साऱ्या गावाला झापतेस तू. तुलाच चालतंय म्हटल्यावर पुढच्या दारी जाऊन मी काय बोलणार होते?"

  मित्सुए त्या दुलईच्या कडेला, ओल्या बुटांसकट, खाली बसली.