कमी खाणाऱ्या मोटरचा पहिला घास

शिक्रापूरच्या एका वर्कशॉपमध्ये मी मोठ्या मोटरींसाठी ब्रेकर आणि केबलचं माप काढून देते. मोटर केवढी, तिच्यावर भार कसला, केबल किती लांबून येणार, हे सगळं विचारल्याशिवाय माप निघत नाही. खोदून खोदून विचारायची खोड मला लहानपणापासूनच. आई म्हणते, "हिला नसत्या उचापती लागतात." या वर्षी ती उचापत घरातच निघाली.

माझे वडील, आबा, वडगाव रासाईला भीमेकाठच्या पंपहाऊसवर ऑपरेटर आहेत. गावच्या संस्थेची शंभर एचपीची मोटर नदीचं पाणी वर रानात चढवते. ती लावायची म्हणजे बटण दाबून धरायचं. तोवर मोटर कमी जोरावर फिरते. वेगात आली की बटण सोडायचं, मग ती पुरता जोर घेते. कधी सोडायचं ते आबा आवाजावरून ओळखतात. संस्थेनं जुनी मोटर काढून तेवढ्याच एचपीची नवी, कमी वीज खाणारी मोटर बसवली आणि तेव्हापासून विचित्रच सुरू झालं. आबांनी बटण सोडलं की कधी मोटर झकास चालायची, तर कधी ब्रेकर खटकन पडून लाइन तुटायची.

संस्थेच्या चेअरमननी निकाल लावूनही टाकला. "मोटर नवी, एचपी तेवढाच. मग बिघडलं काय? आबांचा हात थकलाय. पुढच्या मिटिंगला दुसरा माणूस बघू." हे सगळं आबांच्या तोंडावर. आईनं फोनवर सांगितलं तेव्हा मी तापलेच. पण रागाहून कुतूहल मोठं होतं. हात थकला तर तो रोज थकलेला असायला हवा. एक दिवस बरोबर, एक दिवस चूक, असं कसं?

सुट्टीच्या दिवशी मीटर घेऊन पंपहाऊसवर गेले. आबा मोटर लावत होते आणि मी केबलला मीटर लावून आकडा बघत होते. बटण सुटलं की आकडा अशी उडी मारायचा की मीच दचकायचे. कमी वीज खाणाऱ्या मोटरी चालू होताना जास्त खेचतात, हे कामामुळं ठाऊक होतं. डोळ्यांनी बघायची मजा वेगळी. शिवाय दर वेळी उडी निराळी. बटण सुटतं त्या क्षणी फिरती मोटर आणि लाइन यांची गाठ कशी पडते, त्यावर झटका लहान की मोठा ते ठरतं. तो क्षण इतका बारीक असतो की कुणालाच तो साधून धरता येत नाही. ब्रेकर जुन्या मोटरच्या मापाचाच राहिला होता; तो लहान झटके सोसायचा, मोठ्याला पडायचा.

आबांना सांगितलं तर म्हणाले, "कमी खाती म्हणत्यात, आन् पहिला घास एवढा मोठा?"

मला हसू आलं. म्हटलं, "म्हणून ब्रेकर मोठा बसवायचा. झालं काम."

"न्हाई," आबा म्हणाले.

"न्हाई म्हंजी?"

"वायर तीच, आन् ब्रेकर मोठा? ब्रेकर वायरचा राखणदार असतोय. घरात फ्यूजला जाड तार घालणाऱ्याला काय म्हणावं?"

"गाढव."

"मग?"

ज्या ब्रेकरनं त्यांची जागा वाचणार होती, तोच ते लावू देत नव्हते.

"आबा, मिटिंगला तुमची जागा जाईल."

"जाऊ दे. केबल जळली तर ती माझ्या हातनं जळंल."

मग मी समजावत बसले. घरच्या फ्यूजला एकट्यानंच सगळं सांभाळावं लागतं. इथं राखणदार दोन. शॉर्ट झाला तर ब्रेकर तडक पडणार. सावकाश वाढणारा भार, ज्यानं केबल तापते, त्यावर स्टार्टरमधला, म्हणजे बटणाच्या पेटीतला, रिले नजर ठेवतो आणि भार वाढला की मोटर बंद करतो. केबलचं मापही मी पुन्हा काढलं होतं. मोटरच्या रोजच्या भाराला ती पुरून उरत होती. वर्कशॉपमध्ये एवढ्यावर लोक माना डोलावतात. आबा म्हणाले, "नजर ठिवतो व्हय? दाखव."

मी चिडले, पण त्यांचं चुकत नव्हतं. चेअरमनना फोन केला. ते म्हणाले, "बसवा काय बसवायचं ते, पण मिटिंगच्या आत." दौंडहून ब्रेकर आणला आणि लाइन बंद करून बसवला. आबांनी मोटर लावली, ती चालली. मग मी किती भाराला तोडायचं ते ठरवणारी रिलेची चकती मुद्दाम खाली, मोटरच्या चालू भाराच्याही खाली, फिरवली. दोघं वाट बघत उभे राहिलो. थोड्या वेळानं मोटर आपोआप थांबली. नव्या ब्रेकरचा दांडा वरच होता.

आबा त्याच्याजवळ जाऊन निरखत राहिले. "ह्यो जागचा हललाबी न्हाई."

मी चकती पुन्हा मोटरच्या मापाला लावली, रिले निवू दिला आणि म्हटलं, "लावा आता." आबा बटणापाशी गेले, पण दाबेनात. वाटलं, अजून काही शंका असेल.

"म्हंजी," स्वतःच्या अंगठ्याकडं बघत ते म्हणाले, "माझा हात चुकत नव्हता?"

मी इतके दिवस ब्रेकर का पडतो ते शोधत होते, आणि आबा आपल्या हाताकडं बघत होते. घरी जेवण झालं की ते भिंतीला टेकून मांडीवर अंगठा दाबत आणि सोडत बसायचे, हे आईनं मला नंतर सांगितलं.

"न्हाई आबा," मी म्हणाले. "हात बराबर हाय तुमचा."

त्यांनी बटण दाबलं. मान कलती करून आवाज ऐकला आणि सोडलं. मोटर चालली. थोड्या वेळानं फोन वाजला. वर रानातून चेअरमन विचारत होते, पाणी आलंय, कुणी लावली मोटर?

"मी," आबा म्हणाले. "मीच लावली."