आईच्या भाषेचा रकाना

ठाण्याच्या शाळेत मास्तर म्हणून रुजू झालो तेव्हा माझे वय तेवीस होते. घर कारवारजवळ, काळी नदी समुद्राला मिळते त्या अंगाला. वडील वारले होते, बायको पहिल्याच बाळंतपणात गेली होती, आणि गावाकडे आई एकटी होती. माझे शिक्षण बेळगावात झाले. तिथे मी मराठी इतकी घोटली होती की बोलण्यावरून कोणाला माझे गाव ओळखता येत नसे. याचा तेव्हा मला अभिमान वाटे. आज आठवले की तोंड कडू होते.

तळ्यामागच्या आळीत एक पेन्शनर गृहस्थ होते. त्यांच्या घरामागच्या दोन खोल्या रिकाम्या होत्या. जागा विचारायला गेलो तर त्यांनी आधी जात विचारली, मग पोटजात.

"म्हणजे मासे खाणारे," ते म्हणाले.

"घरात शिजणार नाहीत."

"गाव कुठलं?"

मी उत्तर देण्याआधी तेच पुढे म्हणाले, "कारवार-गोव्याकडचे नाही ना? नाही, माणसं चांगली असतात, पण बोलायला लागली की हसू आवरत नाही हो. एक कारकून होता आमच्या कचेरीत. त्याला मुद्दाम बोलतं करायचो आम्ही."

"राजापूर," मी म्हणालो.

राजापूरचा नुसता किनारा मी आगबोटीच्या कठड्यावरून पाहिला होता, तोही धुक्यात. पण खोल्या मिळाल्या. शिवाय संध्याकाळी पेन्शनरांच्या ओटीवर चार शिकलेली माणसे जमत, वर्तमानपत्र मोठ्याने वाचले जाई, तिथेही मला बसायला जागा मिळाली. वाचून दाखवायचे काम लवकरच माझ्याकडे आले. माझे उच्चार स्वच्छ आहेत असे सगळे म्हणत.

दुसऱ्या वर्षी आई आली. मुंबईच्या धक्क्यावर मी तिला उतरवून घेतले, तेव्हा तिने माझ्या तोंडावरून हात फिरवला आणि सगळ्या गर्दीत मोठ्याने आमच्या भाषेत विचारले, पोटभर जेवतोस की नाही? शेजारी उभे असलेले दोघे वळून हसले. ते दुसऱ्याच कशाला हसले असतील. पण ठाण्याला पोचेपर्यंत मी ठरवून टाकले होते.

त्या दुपारी तिला मी समजावले. आळीतल्या लोकांना आपले गाव राजापूर असे सांगितले आहे. तुला मराठी येत नाही. बोललीस तर मी खोटा ठरेन. म्हणून मी सांगणार आहे की तुला ऐकू कमी येते.

ती बराच वेळ लुगड्याचा काठ बोटांनी सरळ करत राहिली. मग म्हणाली, "म्हणजे हांवें केप्पी जावंचें?" मी बहिरी व्हायचे?

"थोडे दिवस. तोवर तू मराठी शिकशील."

"आनी तुजेकडेन उलयल्यार चलता?" तुझ्याशी बोललेले चालेल?

"हळू बोललीस तर चालेल," मी म्हणालो.

तिने ते पाळले. आळीतल्या बायका तिच्या कानाशी येऊन ओरडत, हातवारे करत. ती मान हलवी. पोरे मागून हाक मारून ती वळते का ते बघत. ती वळत नसे. एकदा विहिरीवर कोणाची घागर निसटली, बायका किंचाळल्या, आणि आई तशीच पाठमोरी उभी राहिली. हे मला पेन्शनरांच्या सुनेने सांगितले. बिचारीला काहीच ऐकू येत नाही हो, असे ती कळवळून म्हणाली. मीही मान हलवली.

घरात हळू बोलायची मुभा होती, पण खोल्यांच्या भिंती पातळ होत्या, आणि मी बहुतेक वेळ शाळेत नाहीतर ओटीवर असे. मराठी शिकवायचे म्हटले होते, ते राहूनच गेले.

काही महिन्यांनी एका संध्याकाळी वाचन संपल्यावर पेन्शनर मला म्हणाले, "मास्तर, तुमच्या मातोश्रींना खाडीवर ऐकू येतं वाटतं."

मी वर्तमानपत्राची घडी घालू लागलो.

"बंदराजवळ एक किरिस्ताव कोळीण बसते, तिच्याशी तासभर बोलत होत्या. आमच्या गड्यानं पाहिलं. सोवळ्या बाईला मासळीच्या टोपलीपाशी काय काम, एवढंच मनात आलं."

मासळी आईने वडील गेल्या दिवसापासून सोडली होती. घरी येऊन मी तिला विचारले, तेव्हा तिने लपवले नाही. कोळणीची बोली आपल्या गावच्या किरिस्तावांसारखी कानाला लागते, म्हणाली. सगळे शब्द जुळत नाहीत, पण अडत नाही. ती दुपारची जाते, जरा लांब बसते, आणि दोघी बोलतात.

"काय बोलता?"

"तिच्या सुनेचे. पावसाचे." मग खाली बघून म्हणाली, "ती म्हजेकडेन उलयता." ती माझ्याशी बोलते.

मी तिला जायची मनाई केली. आवाज चढवला नाही, चढवायची सोयच नव्हती. तिने विचारले नाही का म्हणून. दुसऱ्या दिवसापासून तिने जाणे बंद केले.

त्याच सुमारास सरकारी खानेसुमारी आली. घरोघर जाऊन माणसे लिहायची, धर्म, जात, जन्मस्थान, मातृभाषा, धंदा, सगळे वेगवेगळ्या रकान्यांत. शिकलेल्यांना हे काम वाटून दिले होते. मला तळ्यामागची आळी मिळाली आणि बंदराकडची वस्ती.

बंदराच्या वस्तीत मी सकाळी गेलो. कोळणीच्या दारात जाळे वाळत होते. उंच, काळीसावळी बाई, गळ्यात दोऱ्याला कुरूस, कपाळ मोकळे. बसायला पाट दिला. मी विचारू लागलो.

"धर्म?"

"किरिस्ताव."

"जात?"

"कोली."

"किरिस्ताव झाल्यावर कोळी कशी?"

"झाल्यावर म्हंजे? मी जन्माची किरिस्ताव आनि जन्माची कोली. माजी आजी पन तशीच. तुजा कागद काय बोलतो त्ये मला नको सांगू."

मी दोन्ही लिहिले. तसे लिहायला कागदाची काही हरकत नव्हती, हे तिच्या दारात मला प्रथम कळले.

"मातृभाषा?"

"आमची."

"आमची म्हणजे कुठली?"

"तुज्या आयला समजते ती," ती म्हणाली, आणि लगेच तिने विचारले, "बरी हाय ना ती? येत नाय आताशी."

"तिला ऐकू कमी येतं," मी सवयीने म्हणालो.

तिने माझ्याकडे नीट पाहिले. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, असता तर बरे झाले असते. "नाय रं बाबा," ती म्हणाली, "तिला सगला आयकू येते. मला बोलली, लेकाला मोठ्या मानसांत बसायचा हाय, म्हनून मी गप ऱ्हाते."

मी तिच्या रकान्यात मराठी लिहिले, कागद गुंडाळले आणि उठलो. तिथून थेट घरी जाऊन आईला, खाडीवर जात जा, असे म्हणायला हवे होते. मी गेलो नाही. पुढची घरे राहिली होती.

आळीतले काम संपवून शेवटी पेन्शनरांच्या ओटीवर बसलो. त्यांचे कुटुंब लिहून झाले. ओटीवर नेहमीची मंडळी होती. पेन्शनरांनी तपकिरीची डबी उघडली.

"आता तुमचं लिहा. आम्हीही ऐकू."

माझे लिहिले. जन्मस्थान, राजापूर. मग आईचे. जन्मस्थान, राजापूर. मातृभाषेच्या रकान्याशी टाक थांबला.

"ज्याचं त्याला विचारून लिहायचं असतं ना?" पेन्शनर म्हणाले. "मातोश्री दाराआड आहेतच. जरा मोठ्यानं विचारा म्हणजे झालं. बहिऱ्यांचाही रकाना आहे म्हणे यंदा."

"तो जन्मापासून मुक्या-बहिऱ्यांसाठी," मी म्हणालो.

कोणीतरी हसू दाबले. तेव्हा मला समजायला हवे होते. पण माझे लक्ष दाराकडे होते. मी नेहमीच्याच आवाजात विचारले, "आई, आपली भाषा मराठी ना?"

मग दाराआडून आवाज आला, हळू पण अगदी स्पष्ट, एकही शब्द न अडखळता.

"तू लिहिशील ती."

असे शुद्ध मराठी वाक्य तिच्या तोंडून मी प्रथमच ऐकत होतो. ती कधी शिकली, भिंतीतून माझे वाचन ऐकून शिकली की विहिरीवरच्या ओरडण्यातून, मला ठाऊक नाही. मी मराठी लिहिले.

त्या दिवसापासून आई माझ्याशी मराठीतच बोलू लागली. रागावली नाही, रडली नाही. जेवायला वाढू का. पाणी तापलं आहे. धोतर वाळलं. कामापुरते, नेमके. मी आमच्या भाषेत काही विचारले तरी ती मराठीत उत्तर देई. सुरुवातीला मला वाटले, चार दिवसांत विसरेल. मग मीही आमच्या भाषेत बोलायचे सोडले. खाडीवर जा, असे मी पुढे दोनदा सांगून पाहिले. "आता नको," एवढेच म्हणाली.

अशी चार वर्षे गेली. मग तिला ताप भरला आणि उतरला नाही. शेवटच्या आठवड्यात मी रजा घेऊन तिच्याजवळ बसलो. लहानपणी ती मला जे जे म्हणायची ते सगळे आठवून आमच्या भाषेत तिला म्हणालो. भिंतींची पर्वा केली नाही. ती माझ्याकडे बघत राही आणि मान हलवी, विहिरीवरच्या बायकांपुढे हलवायची तशी. एका दुपारी म्हणाली, "खिडकी लावून घे, ऊन येतंय." मी खिडकी लावून वळलो. त्यानंतर ती बोलली नाही.

अकराव्याच्या विधीला आळीतले भटजी येतील असे मी धरून चाललो होतो. पेन्शनर म्हणाले, "तुमचे उपाध्ये मुंबईहून आणा. तुमचं कुलदैवत गोव्याकडचं, आमच्या भटजींना ते जमायचं नाही."

"तुम्हाला कोणी सांगितलं?"

"अहो, सांगायला कशाला हवं? पहिल्याच महिन्यात कळलं होतं. तुम्ही रागावलात की तुमचा 'च' थेट कारवारचा होतो, तुमचं तुम्हालाच ते ऐकू येत नाही." ते अगदी सहज बोलत होते, त्यात दुष्टावा नव्हता. "तुम्हीच सांगत नव्हता, मग आम्ही कशाला विषय काढायचा?"

वर्षाच्या आत मी बदली मागून घेतली आणि कल्याणला आलो.

तिथे आईचा धाकटा भाऊ मला शोधत आला. बहिणीच्या जाण्याचे पत्र त्याला उशिरा मिळाले होते. जेवण झाल्यावर त्याने विचारले, "निमाणें किते म्हळें तिणें?" शेवटी काय म्हणाली?

मी जसेच्या तसे सांगितले. खिडकी लावून घे, ऊन येतंय.

"तशें न्हय. तिच्या उतरांनी सांग." तिच्या शब्दांत सांग.

"हेच तिचे शब्द."

"तिका मराठी येनासली," मामा म्हणाला.

मी पुन्हा सांगितले की येत होती, शिकली होती, शेवटची चार वर्षे तेच बोलत होती. तो ऐकत होता आणि त्याचा चेहरा आवळत चालला होता. आपल्या बहिणीच्या शेवटच्या शब्दांपुरतेही हा भाचा खरे बोलत नाही, असे त्याला वाटले. "फट," तो म्हणाला. खोटे. तिची लोटी आणि जपमाळ त्याने मागून घेतली, धोतराच्या सोग्यात बांधली, आणि दुपारच्याच गाडीने मुंबईला परतला. मी स्टेशनपर्यंत बरोबर जातो म्हणालो, तर नको म्हणाला. त्यानंतर कारवारहून मला पत्र आले नाही.