मडमेचा नाताळ

प्लेगात वडील गेले, गिरणी ओस पडली, आणि मग आईलाही ताप भरला. आमच्या घराण्यातला पहिला बी.ए. मी, पण तिला परळच्या इस्पितळात नेण्यापलीकडे मला काही करता आलं नाही. तिथे ती दूधसुद्धा घेईना. "मडमेच्या हातचा नको माका," एवढंच बोले.

ती मडम आपखुशीने विलायतेहून प्लेगच्या सेवेला आलेली. मराठी इस्पितळातल्या आयांकडून शिकली, म्हणून डॉक्टरसाहेबांनाही 'तू' म्हणे, आणि शब्द दोनदा उच्चारी. मला म्हणे, "तू बीए, सरक सरक."

नाताळच्या दिवशी घरून बोटीने आलेला केक न कापता ती आईच्या खाटेशी बसली. "आज माझा सण. माझ्या घरी सणाला कुणी एकटा जेवत नाही. तू पी पी, मग मी."

दुपार टळली तरी ती हलेना. आपल्या माणसांपासून इतक्या दूर, परक्या बाईसाठी सणाला उपाशी बसलेलं माणूस मी तोवर पाहिलं नव्हतं.

शेवटी आई माझ्यावरच खेकसली, "अरे, सणाच्या दिसाक लेकीक उपाशी ठेवू काय मी? तिका सांग, दी माका दूध."

आई तिच्या हातून दूध प्यायली. पुढे बरी होऊन ती स्वतःच्या पायांनी घरी आली.