आडवी ठेवलेली स्कॉच

अर्धं बूच माझ्या हातात आलं. उरलेल्या अर्ध्याचा बाटलीच्या मानेत चुरा झाला.

२००६ च्या सुमारास मी भाईंदरच्या एका हॉटेलात बार मॅनेजर होतो. समोर जवळच्या मोरवा गावचे पाटीलदादा आणि त्यांचा मुलगा प्रशांत. तो मर्चंट नेव्हीत. पहिल्या पगारातून त्याने वडिलांना ही अठरा वर्षांची सिंगल माल्ट आणली होती. सिंगल माल्ट म्हणजे एकाच भट्टीची, फक्त जवाची व्हिस्की. अठरा वर्षं लाकडी पिंपातली, बाटलीतली धरत नाहीत. "पोरगा कॅप्टन झाला की फोडू," असं दादा म्हणाले होते. तो आता झाला होता.

"बूच सुकलं काय रं?" दादांनी विचारलं.

"सुकलं नाही, कुजलंय. बाटली कशी ठेवली होती?"

"कपाटात, साड्यांखाली. आडवी. तूच बोललास ना सावंत, चांगली बाटली आडवी ठेवायची."

बोललो होतो. पण ते वाईनबद्दल. वाईनचं बूच ओलं ठेवावं लागतं. व्हिस्की कडक, सतत लागली तर ती बूच खाते. दादांशी बोलताना मी वाईन हा शब्द उच्चारला होता का, आठवेना. बूचच खराब निघालं म्हणालो असतो, तर दोघांनीही मानलं असतं. शब्द ओठांवर आलेही होते.

"दादा, चूक माझी. मी अर्धवट सांगितलं."

दादा म्हणाले, "चूक ऱ्हाऊ दे. पिण्यासारखी हाय का न्हाय, ते सांग."

गाळायची कशातून? किचनमधल्या फडक्याला दह्याचा वास, नव्या रुमालाला खळीचा. व्हिस्की कुठलाही वास पटकन धरते. शेवटी कोरं मलमल उकळत्या पाण्यातून दोनदा काढलं, घट्ट पिळलं आणि जगमध्ये गाळली.

निमुळत्या तोंडाच्या ग्लासात थोडी ओतून हुंगली. ओल्या बुचाचा वास. थोडा थांबलो. थेंबभर साधं पाणी टाकलं. त्याने वास मोकळा होतो. मग मनुका आल्या, जुनं लाकूड, मागून किंचित धूर.

"चालेल," मी म्हणालो.

"बर्फ?" प्रशांतने विचारलं.

"नको. गारठ्याने वास दबतो. छोटा घोट घ्या, जिभेवर फिरवा."

दादांनी तो बराच वेळ तोंडात धरला. "मिठागरावरच्या कोठीत शिरल्यागत वाटतंय. माझा बाप तिथंच निजायचा."

"अप्पा, हे कधी सांगितलं नाहीत," प्रशांत म्हणाला.

"तू घरी असतोस कधी?"

मग दादा सांगत बसले. एकेक पेग, तोही पुरा संपला नाही. मी बिल पाठवायचं विसरलो.

निघताना दादा म्हणाले, "उद्या घरी ये. आणखी दोन हायत."

"आडव्याच?"

"मंग? तूच बोललास ना."

सकाळी जाऊन त्या उभ्या केल्या. चूक कबूल केली की गिऱ्हाईक तुटतं, असं मला वाटायचं. तसं होत नाही. काम मात्र वाढतं.